कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि मराठीचे गणिती गद्य

मराठी गद्याच्या अर्वाचीन कालखंडाचा आरंभ सांगताना वाङ्मयेतिहासकार सामान्यतः तीन प्रवाहांचा निर्देश करतात : मिशनऱ्यांचे धर्मप्रसारपर लेखन, शासनाच्या आश्रयाने सिद्ध झालेली शालेय पुस्तके व कोश-व्याकरणे, आणि १८३२ मध्ये 'दर्पण'पासून सुरू झालेली वृत्तपत्रे. यांपैकी दुसऱ्या प्रवाहाची दखल घेताना बहुधा सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र', मोल्सवर्थ-कँडी यांचा कोश आणि दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण यांवर भर दिला जातो. त्याच काळात त्याच संस्थेत तयार झालेली गणित व भूमिती या विषयांची पुस्तके मात्र 'वाङ्मयबाह्य' म्हणून एखाद-दुसऱ्या वाक्यात निकालात काढली जातात. या पुस्तकांशी ज्याचे नाव निगडित आहे तो अधिकारी साहित्यिक नव्हता, मिशनरी नव्हता आणि भाषापंडितही नव्हता. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अभियंता होता. जॉर्ज रिट्सो जर्व्हिस (१७९४–१८५१) यांच्या कार्यजीवनाचा परामर्श घेऊन मराठीच्या शास्त्रीय गद्याच्या घडणीत त्यांचे व त्यांच्या सहकारी शास्त्र्यांचे स्थान कोणते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. अभियंता आणि शिक्षणसंस्था

प्रारंभी एक संभ्रम दूर करणे आवश्यक आहे. जर्व्हिस नावाचे दोन बंधू मुंबईच्या अभियंता दलात होते. धाकटे बंधू टॉमस बेस्ट जर्व्हिस (१७९६–१८५७) यांनी कोकणाची मोजणी केली, कोकणाच्या भौगोलिक व सांख्यिक स्थितीवर ग्रंथ लिहिला, हिंदुस्थानातील वजने-मापे एकसूत्री करण्याविषयी १८३६ मध्ये विवेचन प्रसिद्ध केले आणि पुढे इंग्लंडमध्ये युद्धखात्याच्या नकाशा विभागाची उभारणी केली. मराठी पाठ्यपुस्तकांशी संबंध येतो तो थोरल्या जॉर्ज जर्व्हिस यांचा. दोघांचेही आडनाव, दल आणि हुद्दा जवळजवळ समान असल्यामुळे एकाचे कार्य दुसऱ्याच्या खाती जमा होण्याचा धोका संभवतो. तथापि दोघांच्याही कार्यामागील मनोवृत्ती एकच होती : जे मोजता येते ते नीट मोजले पाहिजे आणि मोजण्याची रीत सर्वांना कळेल अशा शब्दांत सांगितली पाहिजे.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली आणि मराठी मुलखाचा मोठा भाग कंपनीच्या ताब्यात गेला. १८१९ मध्ये माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर झाले. १८१५ पासून मुंबईत कार्य करणाऱ्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी १८२० मध्ये एक समिती नेमली आणि १८२२ मध्ये तिचे रूपांतर स्वतंत्र संस्थेत झाले. 'नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी' हे तिचे मूळ नाव. १८२७ पासून ती 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखली जाऊ लागली. या संस्थेचे चिटणीसपद जर्व्हिस यांच्याकडे होते आणि त्यांच्या जोडीला एतद्देशीय चिटणीस म्हणून सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे काम पाहत होते.

१८२३ मध्ये संस्थेच्या खास समितीने देशी शाळांच्या स्थितीची पाहणी करून चार उणिवा नमूद केल्या : पुस्तकांचा अभाव, शिकविण्याच्या पद्धतीचा अभाव, लायक शिक्षकांचा अभाव आणि पैशाचा अभाव. या यादीतील क्रम अर्थपूर्ण आहे. पैसा शेवटी आहे आणि पुस्तके प्रथम आहेत. त्या वेळच्या पंतोजींच्या शाळेत मुद्रित पुस्तक नव्हतेच. अंकज्ञान, पाढे, पावकी-निमकी-पाउणकी, सवायकी-दिडकी-औटकी यांचे पाठांतर, मोडी वाचन आणि हिशेब एवढा तेथील अभ्यासक्रम होता. व्यापारी आणि कुळकर्णी यांच्या व्यवहाराला तो पुरेसा होता. किंबहुना तोंडी हिशेबाच्या बाबतीत ही पद्धत अत्यंत कार्यक्षम होती. परंतु रीत का बरोबर आहे हे सांगण्याची सोय तिच्यात नव्हती. औटकी पाठ असलेल्या मुलाला साडेतीनने गुणण्याचे उत्तर येत असे. मात्र अपूर्णांकाच्या गुणाकाराचा सर्वसाधारण नियम त्याच्यापुढे कधी मांडला जात नसे. नियम मांडायचा तर त्यासाठी स्पष्टीकरणाचे गद्य हवे होते, आणि तेच उपलब्ध नव्हते.

२. इंजिनिअर इन्स्टिट्यूशन : गरज आणि माध्यम

१८२३ मध्येच मुंबईत सरकारने 'इंजिनिअर इन्स्टिट्यूशन' ही शाळा सुरू केली आणि ती जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली ठेवली. जमीनमोजणी, इमारती आणि रस्ते यांच्या कामासाठी दुय्यम दर्जाचे कुशल कामगार व मोजणीदार तयार करणे हा तिचा उघड हेतू होता. तेथील एतद्देशीय विद्यार्थ्यांना मराठी व गुजराती या भाषांतून शिक्षण देण्याची व्यवस्था होती. या निर्णयामागे भाषाप्रेम होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जिंकलेला मुलूख मोजल्याशिवाय त्याचा सारा ठरविता येत नव्हता, आणि मोजण्यासाठी लागणारी शेकडो माणसे इंग्लंडहून आणणे परवडणारे नव्हते. त्यांना प्रथम इंग्रजी शिकवून मग त्रिकोणमिती शिकवायची म्हटले तर निम्मे आयुष्य भाषेतच जाणार होते. विषय थेट मातृभाषेत शिकविणे हाच जवळचा मार्ग होता.

ही निकड किती खरी होती हे पुणे जिल्ह्याच्या मोजणीच्या इतिहासावरून समजते. पेशवाईनंतर मावळपट्ट्यातील गावांची जमीन बिघा, चाहूर किंवा पेरणीला लागणाऱ्या बियाण्याच्या अंदाजाने सांगितली जात असे. एका गावचा बिघा शेजारच्या गावच्या बिघ्याशी जुळेलच अशी खात्री नव्हती. १८२० नंतरच्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात केलेली पाहणी सदोष ठरली आणि तिच्या आधारे बसविलेला सारा रयतेला पेलवला नाही. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि अभियंता दलाचेच जॉर्ज विंगेट यांनी इंदापूरपासून नव्याने मोजणी सुरू केली. या पद्धतीत ३३ फुटांच्या साखळीने मोजणी होत असे. साखळीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा, गुंठ्याचे सोळा आणे आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. ३३ फुटांचा वर्ग १०८९ आणि त्याची चाळीस पट ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक इंग्रजी एकर. इंग्रजी मापाचे देशी आणेवारीशी घातलेले हे जुळणे इतके पक्के बसले की, दशमान पद्धती येऊन हेक्टर-आर कागदोपत्री रूढ झाल्यावरही मुळशी तालुक्यातील कासार आंबोलीपासून कोणत्याही गावापर्यंत जमिनीचा व्यवहार आजही गुंठ्यात बोलला जातो. मोजणीची भाषा लोकांच्या तोंडी टिकते ती अशी, म्हणजे नवे माप जुन्या मापनाच्या सवयीत बसविले म्हणजे. जर्व्हिस यांच्या पाठ्यपुस्तकांसमोरचा प्रश्न हाच होता. फरक इतकाच की तेथे साखळीऐवजी शब्द होते.

३. पुस्तके आणि त्यांचे नमुने

१८२६ ते १८२९ या काळात जर्व्हिस यांच्या नावाने मराठीत जी पुस्तके निघाली त्यांत 'शिक्षामाला' हा गणिताचा अभ्यासक्रम, 'कर्तव्यभूमिती' आणि 'विद्येचे उद्देश, लाभ आणि संतोष' ही प्रमुख होत. यांपैकी शेवटचे पुस्तक हेन्री ब्रूम यांच्या त्या वेळी इंग्लंडमध्ये गाजलेल्या निबंधाचे भाषांतर आहे. ब्रूम यांचा निबंध तेथील श्रमिकवर्गात शास्त्रीय ज्ञानाचा प्रसार करण्याच्या चळवळीचा एक भाग होता. तो तिकडे प्रसिद्ध झाल्यावर अल्पावधीत मराठीत यावा, ही घटना विचारार्ह आहे. इंग्लंडमधील कारागीर आणि मुंबईतील विद्यार्थी या दोघांनाही विद्येचे प्रयोजन एकाच युक्तिवादाने पटवून देता येईल असा विश्वास तिच्यामागे आहे.

'शिक्षामाला'ची बैठक चार्ल्स हटन यांच्या गणिताच्या अभ्यासक्रमाची आहे. हटन हे वुलिच येथील लष्करी विद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि तोफखाना व अभियंता दलातील अधिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्यांच्या पुस्तकावर वाढल्या. हे गणित विद्यापीठीय नव्हते. तोफेच्या गोळ्यांची रास मोजणे, तटाची उंची काढणे, जमिनीचे क्षेत्रफळ ठरविणे अशा उपयोजनांकडे ते वळलेले होते. मराठीत आधुनिक गणित प्रथम आले ते या लष्करी वाटेने आले. त्यामुळे त्याच्या गद्याला सुरुवातीपासूनच एक विशिष्ट वळण लागले : प्रथम परिभाषा, मग रीत, मग उदाहरण, मग ताळा.

'कर्तव्यभूमिती' या नामाभिधानाचा विचार येथे करणे उद्बोधक ठरेल. आजच्या वाचकाला 'कर्तव्य' म्हटले की नीतिशास्त्रातील कर्तव्य आठवते. येथे मात्र तो शब्द 'कृ' धातूच्या विध्यर्थी कृदंताच्या मूळ अर्थाने, 'करावयाची' या अर्थाने, योजलेला आहे. युक्लिडच्या परंपरेत भूमितीतील विधाने दोन प्रकारची असतात : काही सिद्ध करावयाची, काही करून दाखवावयाची. लॅटिन ग्रंथांत पहिल्याच्या अखेरीस 'जे सिद्ध करावयाचे होते ते' आणि दुसऱ्याच्या अखेरीस 'जे करावयाचे होते ते' अशा अर्थाची सूत्रे येतात. 'कर्तव्य' हा शब्द या दुसऱ्या सूत्राचा व्याकरणदृष्ट्या अचूक प्रतिशब्द आहे. दोरी, कंपास आणि पट्टी हाती घेऊन रेषा दुभागणे, लंब काढणे, कोन उतरविणे ही ती 'कर्तव्ये'. इंग्रजी 'प्रॅक्टिकल' या विशेषणासाठी 'व्यावहारिक' हा सोपा शब्द उपलब्ध असताना 'कर्तव्य' निवडले जाणे, हे संस्कृत व्याकरणाचा संस्कार असलेल्या शास्त्र्याच्या हाताचे चिन्ह मानावे लागते. एकट्या लष्करी अधिकाऱ्याला ते सुचणे संभवनीय नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्ये चॅटम येथे चार्ल्स पॅस्ले हे अभियंता अधिकारी साध्या सैनिकांना व्यावहारिक भूमिती शिकविण्याचा प्रयोग करीत होते. सिद्धतेचा भार कमी करून कृती क्रमवार सांगावी, म्हणजे अल्पशिक्षित माणूसही ती स्वतः वाचून करू शकेल, हे त्या पद्धतीचे सूत्र होते. मुंबईतील प्रयत्न या व्यापक शैक्षणिक विचाराशी समांतर दिसतो. 'शिक्षामाला' या नावातील 'शिक्षा' हा शब्दही अभ्यासनीय आहे. मराठीत पुढे त्या शब्दाचा 'दंड' हा अर्थच प्रबळ झाला आणि शिकविण्याच्या अर्थी 'शिक्षण' हा शब्द स्थिरावला. पाठ्यपुस्तकांच्या जुन्या नावांत अशी अर्थांतरे गोठून राहिलेली असतात; शब्दार्थाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे लक्ष दिले पाहिजे.

४. कर्तृत्वाचा प्रश्न

या पुस्तकांचे कर्ते कोण, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने कळीचा आहे. मुखपृष्ठावर अधिकाऱ्याचे नाव असे आणि प्रत्यक्ष मराठी रचनेत जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या पंडितांचे साहाय्य असे. क्रमवंत हे पुढे १८२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'महाराष्ट्र भाषेचा कोश' या मराठी-मराठी कोशाच्या शास्त्रीमंडळातही होते. त्या मंडळात बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले प्रभृतींचा समावेश होता. म्हणजे एकीकडे भाषेतील शब्दांचा संग्रह आणि दुसरीकडे नव्या शब्दांची घडण ही दोन्ही कामे एकाच वर्तुळात, जवळजवळ एकाच वेळी चालू होती.

अशा संयुक्त लेखनाचे श्रेय वाटून देताना दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. पहिली भूमिका मुखपृष्ठ प्रमाण मानते आणि सर्व श्रेय साहेबाला देते. दुसरी भूमिका, विशेषतः निबंधमालेनंतरच्या स्वाभिमानी वातावरणात रुजलेली, साहेबाला केवळ नामधारी मानते आणि सर्व श्रेय शास्त्र्याला देते. पुस्तकांचे स्वरूप पाहता दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात. विषयाची निवड, प्रकरणांचा क्रम, उदाहरणांची चढण आणि सिद्धतेची मांडणी ही हटनच्या परंपरेत वाढलेल्या अभियंत्याची आहे. शास्त्र्यांकडे ते गणित त्या रूपात नव्हते. परिभाषा, समास, कृदंते आणि वाक्याची ठेवण ही शास्त्र्यांची आहे. अभियंत्याकडे ती भाषा त्या पातळीवर नव्हती. एकाला माहीत असलेले दुसऱ्याला समजावून दिल्याशिवाय एक ओळही पुढे सरकत नव्हती. पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याच्या हाती पडण्यापूर्वी ते शास्त्र्याने शिकलेले असे. या अर्थाने क्रमवंतांसारखे पंडित हे आधुनिक गणिताचे मराठीतील पहिले विद्यार्थी होत आणि भाषांतर हा त्या अध्ययनाचा लेखी पुरावा होय. मुखपृष्ठाने मात्र या परस्परावलंबनाची नोंद समतोलपणे ठेवली नाही, हे मान्य करावे लागते. हुद्दा एकाला होता आणि वेतन दुसऱ्याला. त्यामुळे नाव कोणाचे छापायचे हा प्रश्नच त्या व्यवस्थेत उपस्थित होत नव्हता.

५. परिभाषा : जुने, नवे आणि सामायिक

मराठी गणिती परिभाषेचे निरीक्षण केल्यास तिच्यात तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर दफ्तरी व्यवहाराचा : बेरीज, वजाबाकी, ताळा. 'वजाबाकी'सारखे फारसी-अरबी वळणाचे शब्द मोडी हिशेबांतून आले होते आणि त्यांना हात लावण्याचे कारण पडले नाही. दुसरा थर भास्कराचार्यांच्या 'लीलावती' व 'बीजगणित' यांच्या परंपरेचा : गुणाकार-भागाकारातील 'गुण' व 'भाग', वर्गमूळ, त्रैराशिक, समीकरण, छेद. तिसरा थर या काळात घडविलेल्या किंवा नव्या अर्थाने स्थिर केलेल्या शब्दांचा.

या तिसऱ्या थराचे उत्तम उदाहरण 'भूमिती' हे आहे. संस्कृतात या शास्त्राला एक प्रतिष्ठित नाव आधीच मिळालेले होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राट यांनी नसिरुद्दीन तुसी यांच्या अरबी संस्करणावरून युक्लिडचे संस्कृत रूपांतर केले होते आणि त्याचे नाव 'रेखागणित' असे होते. हिंदीत 'रेखागणित' आणि 'ज्यामिति', बंगालीत 'ज्यामिति' हे शब्द रूढ झाले. मराठीने मात्र 'भूमिती' स्वीकारला. हा शब्द युरोपीय नावाच्या घटकांचा क्रमवार अनुवाद आहे : भू म्हणजे जमीन, मिती म्हणजे मापन. मोजणीदार घडविणाऱ्या शाळेत रेखेपेक्षा भूमीची आठवण अधिक समर्पक ठरली असल्यास नवल नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गुजरातीतही 'भूमिति' हाच शब्द आहे. ही समानता एका शब्दापुरती नाही. हिंदीत 'भिन्न' तर मराठी-गुजरातीत 'अपूर्णांक'. हिंदीत 'दशमलव' तर मराठी-गुजरातीत 'दशांश'. हिंदीत 'वृत्त' तर मराठी-गुजरातीत 'वर्तुळ'. हिंदीत अंश-हर तर मराठी-गुजरातीत अंश-छेद. दोन्ही भाषा शेजारच्या आहेत आणि दीर्घकाळ एकाच इलाख्याच्या शिक्षणखात्याखाली होत्या, हे या साम्याचे एक कारण आहेच. परंतु त्या साम्याचा उगम शोधू गेल्यास पुन्हा याच संस्थेकडे यावे लागते. १८२५ मध्ये मुंबईस आलेले रणछोडदास गिरधरभाई यांनी जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गुजराती पाठ्यपुस्तकांचे काम केले. १८२६ मध्ये संस्थेने प्रशिक्षित शिक्षक दख्खन, कोकण व गुजरात या भागांत पाठविले. गुजरातच्या समाजसुधारणेतील अग्रणी दुर्गाराम मेहताजी यांचे शिक्षक म्हणून प्रशिक्षणही मुंबईतच झाले. एका छपराखाली दोन भाषांचे पंडित एकाच इंग्रजी मूळ ग्रंथाला प्रतिशब्द शोधीत होते. मराठी आणि गुजराती गणिताची सामायिक शब्दसंपदा ही त्या शेजाराची निष्पत्ती मानण्यास सबळ आधार आहे. पुढे केरूनाना छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञांच्या पाठ्यपुस्तकांनी मराठी परिभाषा घासूनपुसून पक्की केली. पण पाया आधीच घातला गेला होता.

परिभाषेच्या या मार्गाला त्या काळातही पर्याय होता. भोपाळ दरबारी कंपनीचे प्रतिनिधी असलेले लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी सिहोर येथे सुबाजी बापू यांच्यासारख्या महाराष्ट्रीय पंडितांच्या साहाय्याने सिद्धान्तज्योतिषाच्या आधारावर नव्या खगोलाचे ज्ञान देण्याचा प्रयत्न केला. तेथे जुन्या शास्त्राच्या चौकटीतून नव्याकडे जाण्याचा मार्ग होता. मुंबईत चौकट नवी आणि शब्द तेवढे जुने, असा मार्ग स्वीकारला गेला. पहिल्या मार्गाने पंडितांची श्रद्धा जिंकता आली असती. दुसऱ्या मार्गाने शास्त्राध्ययन न केलेल्या सामान्य मुलाला थेट विषयात प्रवेश मिळाला. मराठी शालेय गद्य पुढे दुसऱ्या मार्गानेच वाढले.

६. १८४७ चा वाद

जर्व्हिस यांच्या कार्याचा उत्तरार्ध एका वादाने अंकित झाला आहे. १८४० मध्ये मुंबई सरकारने 'बोर्ड ऑफ एज्युकेशन' स्थापन केले. अध्यक्ष, सरकारने नेमलेले तीन युरोपीय सभासद आणि नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने निवडलेले तीन एतद्देशीय सभासद अशी त्याची रचना होती. १८४३ पासून सर अर्स्किन पेरी हे अध्यक्ष होते. १८३५ मध्ये कलकत्त्यास मेकॉले यांच्या मताचा विजय झालेला होता आणि उच्च ज्ञान इंग्रजीतूनच द्यावे, मर्यादित पैसा थोड्यांच्या उत्तम शिक्षणावर खर्च करावा, असा पेरी यांचा कल होता. एव्हाना कर्नल झालेले जर्व्हिस या मंडळाचे सभासद होते. २४ फेब्रुवारी १८४७ च्या टिपणात त्यांनी याला स्पष्ट विरोध नोंदविला. मनाला परिचित असलेल्या भाषेखेरीज सर्वसामान्य लोकशिक्षण शक्य नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मक्बा या तिन्ही एतद्देशीय सभासदांनी जर्व्हिस यांची बाजू घेतली.

या वादाची मांडणी पुष्कळदा 'इंग्रज विरुद्ध देशी' अशी केली जाते. वस्तुस्थिती गुंतागुंतीची होती. मातृभाषेच्या बाजूचा अग्रणी इंग्रज होता. त्याला साथ देणारे नाना शंकरशेट हे इंग्रजी शिक्षणाचेही मोठे पुरस्कर्ते होते. इंग्रजी शिकवू नये असे त्यांच्यापैकी कोणाचेही म्हणणे नव्हते. इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकविणे आणि इंग्रजी हेच ज्ञानाचे एकमेव प्रवेशद्वार करणे, या दोहोंतील भेद ते करीत होते. दुसऱ्या बाजूस पेरी यांचा आक्षेपही पोकळ नव्हता : देशी भाषांत उच्च विषयांची पुस्तके कोठे आहेत, हा त्यांचा प्रश्न वास्तव होता. या प्रश्नाला जर्व्हिस यांच्यापाशी इतर कोणापाशी नसलेले उत्तर होते. वीस वर्षांपूर्वी पुस्तके नव्हती तेव्हा ती तयार करण्यात आली होती. पुस्तके नाहीत म्हणून भाषेत शिकवू नये, आणि भाषेत शिकवीत नाहीत म्हणून पुस्तके होऊ नयेत, हे चक्र मुंबईत एकदा भेदले गेले होते. मातृभाषेची शक्यता हा जर्व्हिस यांच्या दृष्टीने तत्त्वाचा नव्हे, अनुभवाचा विषय होता.

त्याच वर्षी, १८४७ मध्ये, गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांचा जमीनमोजणीवरील संयुक्त अहवाल प्रसिद्ध झाला, हा योगायोग सूचक आहे. मोजणीची देशी रीत त्या वर्षी कायम झाली; ज्ञानाच्या देशी माध्यमाला मात्र तशी निःसंदिग्ध मान्यता मिळाली नाही. १८४८ मध्ये सरकारने दोन्ही बाजू सांभाळणारी भूमिका घेतली आणि व्यवहारात प्राथमिक शिक्षण देशी भाषेत, उच्च शिक्षण इंग्रजीत अशी विभागणी रूढ होत गेली. दिल्ली कॉलेजात उर्दूतून गणित व विज्ञान शिकविण्याचा प्रयोगही याच सुमारास भरात होता. १८५७ च्या उत्पातात त्याचा खंड पडला. मुंबईतील इंजिनिअर इन्स्टिट्यूशन त्यापूर्वीच बंद झाली होती. १८५४ मध्ये पुण्यास सुरू झालेला अभियांत्रिकी वर्ग कालांतराने महाविद्यालय झाला तेव्हा तेथील माध्यम इंग्रजी झाले. जर्व्हिस १८५१ मध्ये निवर्तले.

७. परिणाम आणि मूल्यमापन

जर्व्हिस यांच्या कार्याची मर्यादा उघड आहे. त्यांच्या योजनेतील मराठी शिक्षण दुय्यम नोकर तयार करण्यासाठी होते. मोजणीदार मराठीत शिकावा, पण मोजणीचा वरिष्ठ अधिकारी इंग्रजच असावा, ही उतरंड त्यात गृहीत होती. त्यांच्या परिभाषेत संस्कृताचा भार मोठा होता आणि शेतकरी-कारागिरांच्या बोलीतील मापनाचे शब्द शास्त्र्यांच्या हातून तिच्यात फारसे आले नाहीत. ज्या सुतार-गवंड्यांना काटकोन साधण्याची 'गुण्या'सारखी साधने व रीती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होत्या, त्यांच्या ज्ञानाची आणि 'कर्तव्यभूमिती'ची गाठ पडावी तशी पडली नाही.

तरीही मराठी गद्याच्या दृष्टीने या कार्याचे महत्त्व दुहेरी आहे. एक, कथा, उपदेश आणि पत्रव्यवहार यांपलीकडे जाऊन अमूर्त विधान करणे, त्याला कारण देणे, त्यापासून निष्कर्ष काढणे ही कामे मराठी वाक्याला येथे सरावाने करावी लागली. 'जर–तर', 'म्हणून', 'परंतु', 'यावरून' या उभयान्वयी साधनांनी बांधलेले युक्तिवादाचे गद्य पुढे लोकहितवादींच्या शतपत्रांत आणि चिपळूणकरांच्या निबंधात सामाजिक व वाङ्मयीन विषयांसाठी वापरले गेले. त्या गद्याची पहिली तालीम ज्या ठिकाणी झाली त्यांत गणिताचा वर्ग गणला पाहिजे. निबंधाच्या उगमाचा शोध केवळ इंग्रजी निबंधकारांच्या वाचनात घेणारी रूढ पद्धती या अंगाने तपासून पाहण्यासारखी आहे. दोन, उच्च ज्ञानाचे माध्यम हा मराठीपुढील प्रश्न १८४७ मध्ये ज्या शब्दांत मांडला गेला, जवळजवळ त्याच शब्दांत तो पुनःपुन्हा मांडला गेला आहे. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झटावे लागले. १९६० नंतर भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि मराठी विश्वकोश हे शासकीय पातळीवरील प्रयत्न झाले. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीच्या पदवी शिक्षणाला अनुमती दिली.

या प्रत्येक टप्प्यावर पहिला आक्षेप पुस्तकांच्या अभावाचाच होता. त्याला १८२० नंतरच्या दशकात मिळालेले उत्तर साधे होते : विषय जाणणारा एक आणि भाषा जाणणारा एक अशा दोघांनी एकत्र बसून पहिले पुस्तक तयार करावे, ते वर्गात शिकवावे आणि शिकविताना सुधारावे. आजच्या परिस्थितीत विषय जाणणारा आणि भाषा जाणणारा हे दोघेही मराठीभाषकच असू शकतात, ही जर्व्हिस-क्रमवंत यांच्या काळी नसलेली अनुकूलता आहे. मात्र विद्यापीठांत मराठीचा विभाग आणि विज्ञानाचे विभाग यांच्यात तशी बैठक क्वचितच होते. मराठीच्या अध्यापकाने आपल्या वाङ्मयेतिहासात या पाठ्यपुस्तकांना जागा देणे, ही त्या बैठकीची पहिली पायरी ठरू शकेल.